डॉ. कोटणीस : सोलापूरहून वुताईच्या डोंगरापर्यंत

आमच्या शाळेत बरीच मुलं मार्केट यार्डाच्या आसपास राहणारी. कुणाचे वडील हमाल, कुणाचे तोलणार, कुणाचे टेम्पोवर, तर कुणी भुसार बाजारातल्या गाळ्यावर दिवाणजी. त्यातली निम्मी घरं मूळची सोलापूर, लातूर, धाराशिवकडची. मागच्या वर्षी आम्ही आठवीच्या वर्गाला थोर व्यक्तींवर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. यादी नेहमीचीच आली. फक्त एका मुलाने डॉ. कोटणीस यांचं नाव दिलं. त्याचे वडील सोलापूर जिल्ह्यातले, इथे पोती उचलतात. चीनला गेलेले डॉक्टर एवढंच त्याला ठाऊक होतं. चीन म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून एकाने विचारलं की लसूण आणायला गेले होते का? त्या मुलाचे वडील कांदा-बटाटा विभागात आहेत आणि चोरून येणाऱ्या चिनी लसणाची चर्चा त्यांच्या घरात रोज असावी. वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर लक्षात आलं की आम्हाला तरी त्या जुन्या सिनेमापलीकडे किती माहीत होतं? मग शोधाशोध केली, वाचलं, घरातल्यांना सांगितलं. त्यातलंच इथे मांडतो आहोत.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वडील कापड गिरणीत कारकून. दोन भाऊ, पाच बहिणी, म्हणजे खाणारी तोंडं भरपूर आणि पगार एकच. अशा घरातून मुलगा डॉक्टर होतो तेव्हा त्याच्यामागे सगळ्या घराचं पोट मारलेलं असतं, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. द्वारकानाथ मुंबईला गेले, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करू लागले.

ते तरुण होत होते तेव्हाचं सोलापूरही साधं नव्हतं. मे १९३० मध्ये या शहरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पुढे चार जणांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला आपल्या पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात. तेव्हा कोटणीस विशीत होते. त्या घटनेने त्यांच्यावर काय परिणाम केला याचा अंदाज ज्याने त्याने करावा. पण आपल्या गावची माणसं दुसऱ्यांसाठी जीव देतात हे बघत वाढलेला तो मुलगा होता, एवढं मात्र नक्की.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. शहरांमागून शहरं पडली. चिनी सेनानी जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं, जुलै १९३८ मध्ये चीन दिवस पाळले गेले आणि बावीस हजार रुपयांचा निधी जमला. स्वतः गुलाम असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी वर्गणी काढली! आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण असा काफिला हिंदुस्थानातून पहिल्यांदा निघत नव्हता. १९१२ च्या डिसेंबरात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते, बाल्कन युद्धातल्या जखमींच्या सेवेला. मौलाना मोहम्मद अली यांनी आपल्या कॉम्रेड पत्रातून त्यासाठी मदत गोळा केली. पुढच्या वर्षी ते पथक परत आलं. हेच डॉ. अन्सारी १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, जामिया मिल्लियाचा भार त्यांनी वाहिला आणि १९३६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. दोनच वर्षांनी दुसरं पथक उभं राहिलं. आपल्याकडे अन्सारींची गोष्ट वेगळी आणि कोटणीसांची वेगळी सांगतात. आम्हाला तो एकच धागा वाटतो.

पथकात पाच जण होते. प्रमुख डॉ. मदन अटल अलाहाबादचे, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सर्वांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे कोटणीस, वय सत्तावीस. घरून वडिलांनी अडवलं नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोट निघाली.

चीनमध्ये उतरले तर शहरं एकेक करून जपान्यांच्या हाती जात होती. हान्को इथे त्यांनी काम सुरू केलं आणि महिन्याभरात तेही सोडावं लागलं. मागे मागे सरकत पथक चुंगकिंगला आलं आणि तिथून जानेवारी १९३९ मध्ये यानआनकडे निघालं. यानआन म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, माओ आणि त्यांच्या आठव्या मार्ग सेनेचं ठाणं. तिथे लोक डोंगर कोरून केलेल्या घरांत राहत आणि दवाखानाही तसाच गुहांमध्ये होता. पाचही डॉक्टरांनी आपल्या नावापुढे हुआ हे अक्षर जोडून चिनी नावं घेतली. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दीहुआ. आजही तिकडे त्यांना याच नावाने ओळखतात.

याच सुमारास सोलापूरहून खबर आली की वडील गेले.

हे वाक्य आम्ही घरी वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. मग वाद सुरू झाला तो रात्री जेवणं होईपर्यंत. अम्मींचं म्हणणं पडलं की त्याने परत यायला हवं होतं. बापाने गिरणीत डोळे फोडून शिकवलं, त्याच्या माघारी आईला कोण आणि बहिणींचं काय? आमची मुलगी म्हणाली की बोट, रेल्वे, ट्रक करत येईपर्यंत दोन-तीन महिने गेले असते, मातीला काही पोहोचला नसता आणि तोवर तिकडे किती जखमी मेले असते. दोघींचंही खरं होतं. जखमीची खिदमत मोठी की घराची, याचं उत्तर पुस्तकातून देता येत नाही. आखाती देशांत कामाला असलेल्या ज्या मुलांना मय्यतीची खबर फोनवर कळते आणि जे येऊ शकत नाहीत, त्यांना विचारा. कोटणीस थांबले. आम्ही त्यांना यासाठी फरिश्ता म्हणणार नाही. त्यांनी एक हक्क अदा केला आणि दुसरा राहून गेला, आणि तो राहिल्याचं दुःख त्यांनी बाळगलं असणारच.

पथकातले बाकीचे हळूहळू परतले. मुखर्जींना मूत्रपिंडाचा आजार जडला, चोळकर वयामुळे परतले, अटल यांचीही तब्येत बिघडली. उरले बसू आणि कोटणीस. त्यांनी आघाडीवर जायचं मागून घेतलं.

आता त्या दवाखान्याची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर आम्ही लिहायला बसलो.

वुताई डोंगराच्या आसपासचा, शान्सी आणि हपेई प्रांतांच्या सीमेवरचा भाग जपानी फौजांच्या पाठीमागे होता. रेल्वे आणि शहरं जपानची, डोंगर आणि खेडी गनिमी सैनिकांची. कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३८ मध्ये तिथे पोहोचले. तेही स्पेनहून आलेले. त्यांनी सप्टेंबर १९३८ मध्ये एका खेड्यात मोठ्या मेहनतीने नमुनेदार दवाखाना उभा केला. गावकऱ्यांनी राबून शस्त्रक्रियेची खोली, जखमींचे वॉर्ड तयार केले, उद्घाटन झालं, आणि थोड्याच आठवड्यांत जपानी फौज आली आणि दवाखाना उद्ध्वस्त करून गेली. सगळी मेहनत राखेत.

बेथ्यून त्यातून शिकले. जिथे शत्रू कधीही येऊ शकतो तिथे इमारतीचा दवाखाना टिकत नाही. मग दवाखाना चालता करायचा. त्यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असं लाकडी खोगीर बनवून घेतलं. त्यात औषधं, हत्यारं, पट्ट्या, सगळं खणाखणांत. कुठल्याही गावात खेचर थांबलं, सामान उतरवलं, देवळात किंवा कुणाच्या अंगणात टेबल लावलं की शस्त्रक्रिया सुरू. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत वाटून द्यायचं. उत्तर चीनमध्ये घरात विटांचा ओटा असतो, खालून त्याला ऊब देतात. त्यावर घरच्या माणसाच्या शेजारी जखमी शिपाई. फौज येतेय असं कळलं की गावकरीच त्यांना झोळीत घालून डोंगरात नेत. दवाखाना म्हणजे भिंती नव्हेत, माणसं आणि शिस्त, असा तो प्रकार होता.

औषधांचा प्रश्न भयंकर होता. चहूकडून नाकेबंदी. पट्ट्या धुवून पुन्हा वापरायच्या. हत्यारं गावच्या लोहार-सुताराकडून करून घ्यायची. हातमोजे नसले तर नसल्या हातांनी. शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटाला जखम झाली, तिच्यातून रक्तात विष पसरलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. पेनिसिलिन अजून दवाखान्यांत पोहोचलेलं नव्हतं. कोटणीस त्याच महिन्यात यानआनहून आघाडीकडे निघाले होते. दोघांची भेट झालीच नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात कोटणीस आणि बसू त्या मुलखात पोहोचले. बेथ्यून यांच्या कबरीच्या कार्यक्रमाला कोटणीस हजर होते. तिथेच त्यांची ओळख क्वो छिंगलान यांच्याशी झाली, त्या परिचर्या शिकवत होत्या. थोड्याच दिवसांत मोठी लढाई पेटली. चिनी इतिहासात तिला शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणतात. जखमींची रांग थांबेना. त्या मोहिमेत कोटणीसांच्या पथकाने आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि एकदा तर ते बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करत राहिले, असं तिकडे सांगतात. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. आम्ही दहावीचे पेपर तपासायला एक रात्र जागलो तरी दुसऱ्या दिवशी चुका करतो.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांचं नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. वय तीस. कॅनडाच्या डॉक्टराचं नाव, सोलापूरचा प्रमुख, चिनी परिचारिका आणि चिनी शेतकऱ्यांच्या खोल्या. रुग्णालय हपेईतल्या गेगोंग नावाच्या खेड्याच्या आश्रयाने चालत होतं आणि त्याला जोडून वैद्यकीय शाळा होती. आमच्या मते कोटणीसांचं खरं मोठं काम या शाळेत आहे, आणि हे आम्ही शिक्षक आहोत म्हणून म्हणत नाही. एक सर्जन दिवसाला किती जखमी शिवणार? पण शिकवलेली पोरं गावोगाव गेली तर हात वाढतात. शिकायला येणारी बहुतेक शेतकऱ्यांची मुलं, जेमतेम लिहिता-वाचता येणारी. त्यांना शिकवायचं म्हणून कोटणीस चिनी बोलायला शिकलेच, लिहायलाही शिकले. ती लिपी शिकायला चिनी मुलांनाच वर्षं लागतात. शिकवायला पुस्तक नाही म्हणून त्यांनी स्वतः शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. घरात मातृभाषा एक आणि शाळेत दुसरी, अशा मुलांना आम्ही रोज शिकवतो. शिक्षकानेच मुलांच्या भाषेत उतरायचं असतं, हे ते बी.एड. न करता समजले होते.

१९४१ च्या शरदात जपान्यांनी त्या भागावर प्रचंड धाड घातली. गावं जाळली, धान्य जाळलं. रुग्णालय आणि शाळा डोंगरातून फिरत राहिली. पुढे पुढे खायला ज्वारी-बाजरीचे दाणेही मोजून मिळत. त्याच वर्षाच्या शेवटी कोटणीस आणि क्वो छिंगलान यांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी त्याचं नाव सुचवलं यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.

तोपर्यंत कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या होत्या. झटका यायचा, पडायचे, उठायचे, पुन्हा कामाला. उपचारासाठी दुसरीकडे जायचा सल्ला त्यांनी मानला नाही. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटक्यांमागून झटके आले आणि ९ तारखेला पहाटे ते गेले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचं. पाठ्यपुस्तक अर्धवट. माओ यांनी शोकसंदेश लिहिला, गावकऱ्यांनी त्यांना आपल्या मातीत ठेवलं. सोलापूरच्या घराला हा दुसरा घाव.

रुग्णालय मात्र संपलं नाही. युद्ध संपल्यावर ते खेड्यांतून उठून शिजियाझुआंग शहरात आलं आणि आज तिथे मोठं लष्करी रुग्णालय आहे, त्याच बेथ्यून यांच्या नावाने. खेचरावरून सुरू झालेल्या दवाखान्याच्या आवारात आता बेथ्यून आणि कोटणीस दोघांचेही पुतळे आहेत. शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत दोघांच्या कबरी आहेत. ती डोंगरातली शाळाही वाढत वाढत पुढे चांगचुनच्या मोठ्या वैद्यकीय विद्यापीठापर्यंत पोहोचली.

इकडे हिंदुस्थानात ही कहाणी पोहोचवली ती एका मुसलमान पत्रकाराने, हे आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवं. पानिपतचे ख्वाजा अहमद अब्बास, मौलाना हालींच्या घराण्यातले. डॉ. बसू १९४३ मध्ये परतल्यावर अब्बास यांनी त्यांच्याकडून हकीकत ऐकली आणि १९४४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटनीस की अमर कहानी काढला. शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्री त्यांची चिनी पत्नी, संगीत वसंत देसाईंचं. सिनेमा सिनेमासारखाच आहे. आमच्या वालिदांनी तो लहानपणी तंबूत पाहिला होता आणि शेवटी सगळा तंबू रडत होता असं ते सांगत. खरा शेवट त्याहून लांबला. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि १९६७ मध्ये पंचविशीतच आजारपणात गेला. क्वो छिंगलान अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं.

मधल्या काळात १९६२ झालं, नंतर गलवान झालं. दोन्ही देशांचे पुढारी भेटले की कोटणीसांचं नाव निघतं, फुलं वाहिली जातात, आणि पुन्हा सीमेवर तणाव आला की ते नाव कपाटात जातं. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालंय. आम्हाला वेगळंच आठवतं. गेली काही वर्षं मोबाईलवर गाझातल्या इस्पितळांची चित्रं येतात, विजेविना, औषधांविना, वर बॉम्ब, आणि तरी आत कुणीतरी डॉक्टर उभा असतो. त्यातलेही काही बाहेरच्या देशांतून आपणहून गेलेले. आमची मुलगी विचारते की त्यांच्या घरच्यांनी त्यांना कसं जाऊ दिलं असेल. तेव्हा अम्मी काहीच बोलत नाहीत.

सोलापुरात भैय्या चौकाजवळ महापालिकेने डॉ. कोटणीसांचं स्मारक केलं आहे. हुरड्याला, लग्नकार्याला तिकडे जाणारी आपली कितीतरी कुटुंबं असतील. अर्धा तास काढून मुलांना दाखवून आणा.

आमच्या त्या मुलाचं भाषण झालं. पाच मिनिटांचं बारा मिनिटं झालं, आम्ही घंटी वाजवली नाही. त्याचे वडील यार्डातून तसेच आले होते, खांद्यावर हमालीचा टॉवेल, दाराशी उभे राहून ऐकत होते. आत येऊन बसा म्हटलं तर आले नाहीत, कपड्यांना धूळ आहे म्हणाले. मुलाने एक चित्रही काढलं होतं, डोंगर, बर्फ आणि दवाखान्याचं सामान वाहणारं खेचर. खोगीर, खण वगैरे त्याला काढता आले नसावेत. त्याने खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना तागाची पोती टाकली होती, तोंडं सुतळीने शिवलेली, आणि एकावर ठळक अक्षरात माल कुठला ते लिहिलं होतं. सोलापूर. आम्ही ते दुरुस्त केलं नाही. चित्र वर्गात लावलेलं आहे.